‘नुसता क्लबच तर आहे’ : शालेय खेळांचे ॲनिमे बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शालेय खेळांवर मालिका काढणारे स्टुडिओ, निर्मिती समित्या आणि मांगाकार (जपानी चित्रकथा काढणारे),
टोकियो, जपान.

सप्रेम नमस्कार.

‘हायक्यू’ या व्हॉलीबॉलवरच्या तुमच्या मालिकेचा पहिला भाग पुन्हा एकदा लावून बघा, ही पहिली विनंती. हिनाता शोयोच्या शाळेत मुलांचा व्हॉलीबॉल क्लबच नाही. पठ्ठ्या कॉरिडॉरमध्ये एकटा बॉल उडवतो, मुलींच्या संघाकडे जाऊन ‘थोडा वेळ मला घ्या ना’ म्हणतो, आसपासच्या आयांच्या संघात घुसतो. शेवटच्या वर्षी तीन नवी पोरं मिळतात, दोन मित्र फुटबॉल आणि बास्केटबॉलमधून उसने आणतो, तेव्हा कुठे सहा डोकी होतात. पहिल्याच सामन्यात समोर पुढे त्याच्याच संघात येणाऱ्या कागेयामाची तगडी शाळा. दोन सेटमध्ये खेळ खलास. एवढं सगळं तुम्ही एका भागात उरकलंत. मग तो कारासुनो हायस्कूलला गेला, तिथे क्लब होता, हॉल होता, जाळी होती, आणि टीव्हीवरचे उरलेले चौऱ्यांशी भाग त्या क्लबभोवती रंगले.

मला त्या उरकलेल्या भागाविषयी बोलायचं आहे, कारण तुमच्याकडची मुलं आता तिकडेच निघाली आहेत.

कोबे शहराने २०२४ च्या अखेरीस जाहीर केलं की ऑगस्ट २०२६ नंतर महापालिकेच्या कनिष्ठ माध्यमिक शाळा, म्हणजे आमच्या हिशेबाने सातवी ते नववी, क्लब चालवणार नाहीत. ज्याला खेळायचं त्याने शाळेबाहेरच्या मंडळांकडे नाव घालायचं. कोबेने टोक गाठलं इतकंच, दिशा सगळ्या देशाची तीच आहे. २०२३ पासून सरकार आधी शनिवार-रविवारचा सराव शाळांकडून काढून स्थानिक संस्थांकडे सोपवू लागलं. कनिष्ठ माध्यमिकच्या राष्ट्रीय स्पर्धांमधून २०२७ पासून पोहणे, जिम्नॅस्टिक, हँडबॉल असे नऊ खेळ टप्प्याटप्प्याने वगळायचं ठरलं. कारणं न पटण्यासारखी नाहीत. मुलंच कमी जन्माला येताहेत, बेसबॉलचे नऊ जण उभे करायला दोन-तीन शाळांची मोट बांधावी लागते. आणि मास्तर लोक थकलेत.

पडद्यावर मात्र अजून तोच एप्रिल, तोच चेरीचा बहर, तोच नावनोंदणीचा कागद. दरवाजा ढकलला की चकचकीत लाकडी जमीन, आणि आत कुणीतरी ओरडून स्वागत करतंय.

साताऱ्याकडच्या माणसाला याचं काय पडलंय, असं तुम्ही विचाराल. मी इथल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी आहे, म्हणून व्हॉलीबॉलचा संघ माझ्या गळ्यात. (मला स्वतःला धड सर्व्हिस करता येत नाही, आणि हे पोरांना पहिल्या दिवशीच कळलं.) आमच्याकडे शाळेचा क्लब नावाची गोष्ट नाही. संध्याकाळी शाळेला कुलूप, पोरं सायकलवर टांग मारून क्लासला. तालुकास्तर स्पर्धेचं पत्र आलं की आठवड्याभरात संघ जमवायचा. दोघे कबड्डीतले, एक लांब उडीवाला, एक नुसताच उंच म्हणून ओढून आणलेला, आणि वाडीवर शूटिंग व्हॉलीबॉल खेळून मनगटं घट्ट झालेले दोघे, ज्यांना लिफ्ट, म्हणजे स्मॅशसाठी बॉल वर उचलून देणं, कशाला हवी हे पटवण्यातच सरावाचे निम्मे दिवस जातात. तुमचा पहिला भाग आमच्या मैदानावर दर वर्षी होतो. दुसरा भाग काही येत नाही. म्हणून आमची पोरं तो मोबाइलवर बघतात, जेवताना, कोपऱ्यात, इंग्रजी सबटायटल अडखळत वाचत.

आणि बघून काय बोलतात? स्मॅशबद्दल कमी. जास्त बोलतात ते सराव संपल्यावर सगळे मिळून दुकानातून गरम बन घेऊन खात घरी जातात त्याबद्दल.

यात मला तुमच्या कथांचं मर्म दिसतं. लोकांना वाटतं, मैत्री हा या मालिकांचा विषय आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. न आवडणाऱ्या माणसाबरोबर रोज दोन तास काढावे लागणं, हा विषय आहे. हिनाता आणि कागेयामा पहिल्या दिवशी भांडतात, उपमुख्याध्यापकांचा टोप उडवतात, तेव्हा कर्णधार दाइची दोघांना सरळ हॉलबाहेर काढून दार लावून घेतो: एकमेकांना संघातला गडी मानायला तयार व्हाल तेव्हा या. दोघांनी एकमेकांना निवडलेलं नाही. पैसे भरून लावलेल्या अकादमीत असं होत नाही. तिथे पटलं नाही तर पुढच्या महिन्यात पोरगं दुसरीकडे. शाळेच्या क्लबात पळवाट नसते, उद्या वर्गात आणि परवा जाळीपाशी तोच चेहरा समोर असतो. कागेयामाला दुसऱ्याच्या सोयीचा पास द्यायला तीन वर्षं लागली तरी चालतात, कारण तीन वर्षं कुणी कुठे जाणार नसतं.

कारासुनोच्या संघातलाच एकजण या सगळ्याला नाक मुरडतो. त्सुकिशिमा. उंच, हुशार, कानाला हेडफोन. एवढं का मरायचं, नुसता क्लबच तर आहे, असं तो म्हणतो आणि ते तो मनापासून म्हणतो, कारण याच क्लबच्या बढाया मारणारा मोठा भाऊ बाकावरही नव्हता, प्रेक्षकांत उभा होता, हे त्याने लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचा मित्र यामागुची, जो आयुष्यभर त्याच्या मागे मागे चालत आला, तोच एके रात्री त्याची कॉलर धरतो. आणि टोकियोच्या शिबिरात दुसऱ्या शाळेचा बोकुतो त्याला सांगतो की हा खेळ तुला आवडायला लागेल की नाही हे तो एक क्षण तुझ्या वाट्याला येतो की नाही यावर आहे. मग तिसऱ्या पर्वातले दहाच्या दहा भाग एका सामन्याचे, आणि त्यात त्सुकिशिमा राज्यातल्या सगळ्यात भारी हिटरचा, उशिजिमाचा, एक स्मॅश ब्लॉक करतो. एकच. पोरगा मुठी आवळून ओरडतो. आमच्या वर्गातल्या एका अबोल मुलाने हा प्रसंग मला हातवारे करून सांगितला होता, तेव्हा मला पहिल्यांदा त्याचा आवाज नीट ऐकू आला.

आता धोरण आखणारेही तेच म्हणताहेत: नुसता क्लबच तर आहे. यामागुचीची बाजू मांडायची वेळ तुमच्यावर आली आहे. पण ती मांडताना खोटं मांडू नका.

सुरुवात ताकेदा सरांपासून करा. ताकेदा सर माझे लाडके आहेत, हे सांगायला नको. भाषेचे शिक्षक, व्हॉलीबॉलचा गंध नाही, क्लबची जबाबदारी अंगावर पडली म्हणून रात्री बसून नियम वाचणारे. सराव सामन्यांसाठी शाळांना फोन करकरून, वाकून वाकून कंबर मोडली बिचाऱ्याची. दुकान चालवणाऱ्या, सिगरेट ओढणाऱ्या उकाईला प्रशिक्षक म्हणून आणायला त्याच्या गल्ल्यासमोर किती हेलपाटे मारले. अधूनमधून एखादं वाक्य फार काव्यमय बोलून जातात आणि स्वतःच ओशाळतात. आमच्या स्टाफरूममध्ये हा माणूस आहे. सगळ्या स्टाफरूममध्ये आहे.

पण ताकेदा सर घरी किती वाजता जातात, हे तुम्ही कधी दाखवलंत? ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला, पाहणीतल्या सगळ्या देशांत सर्वांत जास्त. सरासरी ३८ तासांच्या आसपास होती. क्लबसारख्या अवांतर कामांवर तुमच्याकडचे शिक्षक आठवड्याला साडेसात तास घालवत होते, इतरत्र सरासरी दोन तासही नाही. त्याच वर्षी तुमच्या क्रीडा विभागाला लिहून द्यावं लागलं की आठवड्यातून निदान दोन दिवस सुटी द्या, शाळेच्या दिवशी दोन तासांच्या वर सराव नको, सुटीच्या दिवशी तीनच्या वर नको. नियम करावा लागला याचा अर्थ आधी काय चालत असेल ते कुणालाही कळेल. तुमच्या मालिकेत मात्र नायकांसाठी पहाटे पाचला चोरून हॉल उघडला जातो आणि आपण टाळ्या वाजवतो. त्या पहाटेची जबाबदारी कुणावर होती? किल्ली कुणाच्या सहीने निघाली?

शिक्षकांचा जीव घेऊन क्लब टिकवावेत असं मी म्हणत नाही. म्हणत असतो तर माझाच संघ आधी बंद पडता.

दुसरी गोष्ट मारण्याची. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या मुलींनी सोव्हिएत संघाला हरवून व्हॉलीबॉलचं सुवर्ण जिंकलं. बहुतेक जणी कापड गिरणीच्या संघातल्या, दिवसभर काम करून रात्री उशिरापर्यंत सराव करणाऱ्या, आणि त्यांचे प्रशिक्षक दाइमात्सु यांना लोक राक्षस म्हणत. त्या सुवर्णपदकानंतरच्या वर्षांत तुमच्या खेळकथा बहरल्या. १९६८ मध्ये बेसबॉलची ‘क्योजिन नो होशी’ टीव्हीवर आली, १९६९ मध्ये मुलींच्या व्हॉलीबॉलची ‘अटॅक नंबर वन’. घाम, रक्त, दात-ओठ खाऊन सहन करणं, आणि पोराच्या भल्यासाठी हात उचलणारा बाप. हीच ‘क्योजिन नो होशी’ पुढे आमच्याकडेही आली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, जपानच्या जागी मुंबई, नाव ‘सूरज : द रायझिंग स्टार’. डिसेंबर २०१२ मध्ये ती हिंदी वाहिनीवर सुरू झाली.

त्याच डिसेंबरमध्ये ओसाकातल्या एका सरकारी हायस्कूलच्या बास्केटबॉल कर्णधाराने, क्लबच्या प्रशिक्षकाच्या वारंवारच्या मारहाणीनंतर, आपला जीव संपवला. पुढच्या वर्षी कोर्टाने त्या शिक्षकाला दोषी ठरवलं.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, आणि मी तो जोडतही नाही. पण दोन्ही तारखा तुमच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. आमच्या देशात शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच शाळेत मारायला बंदी घातली, आणि तरीही मैदानावरची शिट्टीची दोरी पाठीवर बसते, हे आमच्या गावातली पोरंही सांगतील. नव्या मालिकांत प्रशिक्षक मारत नाहीत, हे मान्य. उकाई फक्त आरडाओरडा करतो. पण जुनं सगळं गपचूप पुसून टाकल्यासारखं झालंय. ताकेहिको इनोउए यांनी ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलच्या मांगात ही गोष्ट अधिक प्रामाणिकपणे हाताळली होती. त्यातल्या शोहोकू हायस्कूलचे प्रशिक्षक आन्झाई सर, ते गोल पोटाचे, हो-हो करून हसणारे आजोबा, एके काळी कॉलेजच्या संघाचे कर्दनकाळ होते. पांढऱ्या केसांचा सैतान म्हणायचे लोक. त्यांच्या धाकाला कंटाळून एक गुणी विद्यार्थी अमेरिकेला निघून गेला आणि पुन्हा परत आला नाही, तिकडेच अपघातात गेला. आता ते पोरांवर आवाज चढवत नाहीत त्यामागे ही कथा आहे. मांगात ती थोड्याच पानांत येते. तिच्यावर अख्खी मालिका होऊ शकते, आणि ती बघायला मी शाळेतून रजा टाकेन.

तिसरी गोष्ट हरणाऱ्यांची, आणि इथे तुमच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. तोकोनामी या फालतू म्हणाव्या अशा संघाला कारासुनो पहिल्या फेरीत सहज हरवते. तिथला एक खेळाडू इकेजिरी हा दाइचीचा जुना शाळासोबती. सामना झाल्यावर तो आमच्या वाट्याचंही जिंका म्हणतो, आणि मग पडद्यावर इतर मैदानांवर त्याच दिवशी हरलेली पोरं दिसतात, कुणी नाव न घेतलेली. आम्हीही खेळलो होतो, व्हॉलीबॉल. एवढंच. बाद फेरीच्या स्पर्धेत एक सोडून सगळे संघ हरूनच घरी जातात. आमचा तर तालुक्यालाच जातो. एसटीत मागच्या बाकावर बसून पोरं पंधरा मिनिटं गप्प असतात, मग कुणीतरी भेळीचा पुडा फोडतं.

तसाच कारासुनोचा सुगावारा. तिसऱ्या वर्षाचा लिफ्टर, जागा हक्काची, आणि पहिल्या वर्षाचा कागेयामा येऊन ती घेतो. प्रशिक्षक चाचरतोय हे बघून सुगावारा स्वतःच त्याला जाऊन सांगतो की जास्त ताकदवान असेल त्याला घ्या, मला जास्तीत जास्त सामने जिंकायचेत. अठराव्या वर्षी हे बोलायला काय लागतं ते मैदानावर राखीव म्हणून बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. उन्हाळी स्पर्धा हरल्यावर तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी क्लबात राहायचं की नाही, यावर किती नेमकं दाखवलंत तुम्ही. हारुको, म्हणजे हायस्कूलची मोठी राष्ट्रीय स्पर्धा, २०११ पासून मार्चऐवजी जानेवारीत होऊ लागली. त्यामुळे शेवटच्या वर्षाची मुलं खेळू शकतात, पण विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचा हंगामही तोच. दाइची मागे हटायला निघतो, ताकेदा सरांना काळजी वाटते, आणि शेवटी तिसऱ्या वर्षाची तिघं, दाइची, सुगावारा आणि आसाही, क्लबात राहतात. आमच्याकडे दहावीचं वर्ष लागलं की पालक येऊन वहीच्या कागदावर दोन ओळी देतात: ‘पाल्यास खेळातून वगळावे.’ राज्य पातळीपर्यंत गेला तर बोर्डाचे सवलतीचे गुण मिळतात म्हणून एखाददुसरा टिकतो. मी त्या पालकांना दोष देत नाही. त्यांना फक्त तो भाग दाखवावासा वाटतो, आणि त्यासाठी तो मराठीत नाही, इंग्रजी वाचण्याची त्यांना सवय नाही, हेही जाता जाता लिहून ठेवतो.

कथेच्या शेवटी ‘हायक्यू’चे मांगाकार फुरुदाते यांनी फार मोठं काम केलं, हे इथे नोंदवलंच पाहिजे. हिनाता ब्राझीलला वाळूवर खेळून येतो आणि व्यावसायिक खेळाडू होतो, ते ठीक. पण दाइची पोलीस होतो, आसाही कपडे डिझाइन करतो, त्सुकिशिमा संग्रहालयात नोकरी करून दुसऱ्या श्रेणीत खेळत राहतो. नुसता क्लब म्हणणारा तोच, अजून खेळतोय. आणि सुगावारा प्राथमिक शिक्षक होतो. म्हणजे उद्या एखाद्या संघाची किल्ली त्याच्याच खिशात. त्याच्या आठवड्याचे तास कोण मोजणार?

मुलींचं थोडक्यात सांगतो, कारण याहून जास्त राग येऊ द्यायचा नाही असं ठरवलंय. त्याच कारासुनोत मुलींचा संघ आहे. मिचिमिया त्याची कर्णधार. त्या मुलीही त्याच स्पर्धेत खेळल्या, हरल्या, रडल्या, आणि तुम्ही त्यांना काही मिनिटं दिलीत. मुलींची भूमिका बहुतेक वेळा पाण्याच्या बाटल्या भरणारी व्यवस्थापक. ‘अटॅक नंबर वन’पासून अर्धं शतक उलटलं. आमच्या शाळेत मुलींचा संघ मुलांपेक्षा बरा आहे. त्या कुणाचं पोस्टर लावतील?

तर मागणं असं. एक मालिका अशी काढा जिच्यात क्लब पहिल्याच भागात बंद होतो. कोबेसारखं शहर, आठवीतली मुलगी, शाळेच्या हॉलला आता संध्याकाळी कुलूप. दोन स्टेशनं पलीकडे नवं मंडळ, महिन्याची फी, आणायला-सोडायला घरी कुणी मोकळं नाही. प्रशिक्षक गावातला दुकानदार, उकाईचा कुणी भाऊबंद. २०१७ पासून बाहेरच्या माणसाला शाळेच्या क्लबचा अधिकृत मार्गदर्शक नेमण्याची सोय तुमच्याकडे आहेच, आता तर सगळी भिस्त त्याच्यावर. जुन्या क्लबच्या शिक्षिका आता सहाला घरी जातात आणि पहिले काही दिवस त्यांना सुचत नाही की संध्याकाळचं काय करायचं. मंडळात तीन शाळांची पोरं, एकमेकांना न ओळखणारी, पटलं नाही तर सोडून जायला मोकळी असलेली. तरीही ती थांबतात का? कशामुळे थांबतात? याचं उत्तर मला खरंच माहीत नाही, आणि तुमच्याकडे लिहिणारे आहेत.

पैशाचा हिशेबही दाखवा. टोकियोच्या शिबिराला जायला पैसे नव्हते तेव्हा नवी आलेली व्यवस्थापक, याची हितोका नावाची मुलगी, पोस्टर करून गावातल्या दुकानदारांकडून देणगी गोळा करते, तो तुमचा सगळ्यात खरा प्रसंग आहे, आणि तो पडद्यावर फार तर दहा मिनिटं असेल. इनोउए यांनी २००६ मध्ये ‘स्लॅम डंक’च्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली, हायस्कूल संपवलेल्या खेळाडूंना अमेरिकेत शिकायला-खेळायला पाठवणारी. ज्या खेळावर नाव कमावलं त्याला काही परत देण्याची ती रीत आहे. क्लबांवर चाललेल्या मालिकांच्या निर्मिती समित्यांनी आता एखाद्या शहरातल्या मंडळाची फी भरली तर बिघडणार नाही. बाहुल्या आणि की-चेन विकून जमा झालेल्या पैशातून ते सहज जमेल.

मालिका आली की कळवा. पोरांना सांगून ठेवलंय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलातला मराठीचा मास्तर
(आणि सध्या व्हॉलीबॉलचाही)